मोठ्या अपघातात सामानच संपतं – सोलापूरसाठी एक तयार ट्रॉली उभी करता येईल का?

बाळेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी पहाटे चारच्या सुमारास पुणे हायवेवर मोहोळच्या अलीकडं एक लक्झरी उलटली. मी मालाची गाडी घेऊन तिच्या मागंच होतो. तीसेक माणसं आत. फोन लागला, पहिली अँब्युलन्स खरं सांगायचं तर लवकरच आली, तिच्यात एक डॉक्टर आणि एक पायलट (म्हणजे ड्रायव्हर). दोघं जीव तोडून करत होते. पण दहा-बारा मिनिटांत पट्ट्या संपल्या, ग्लोव्हज संपले, स्ट्रेचर एकच होतं ते पहिल्या माणसाखाली गेलेलं. एका आजोबांचं धोतर फाडून आम्ही पट्ट्या केल्या, एकाला बसच्या सीटच्या फळीवर झोपवून उचलला. डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "दादा, अजून कापड आहे का?" बास, ते वाक्य अजून कानात आहे. माणूस शिकलेला, हात चांगले, आणि हातात काहीच नाही.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. अमेरिकेत बऱ्याच काउंट्यांमध्ये फायर स्टेशनच्या आवारात एक बंद ट्रेलर उभा असतो. त्याला इंजिन नाही, नुसतं सामान. स्पाइन बोर्ड (कण्याला मार लागलेल्याला झोपवायची फळी), मानेच्या कॉलर, ट्रॉमा ड्रेसिंग, टूर्निके (रक्त थांबवायला हात-पाय आवळून बांधायचे पट्टे), ऑक्सिजन, ब्लँकेट, तंबू, जनरेटर, फ्लडलाइट, आणि लाल-पिवळ्या-हिरव्या-काळ्या ताडपत्र्या. मोठा अपघात झाला की हूक असलेली कुठलीही पिकअप जाते, जोडते आणि घटनास्थळी सोडून मोकळी होते. २००१ च्या हल्ल्यानंतर तिकडं सरकारी अनुदानातून असे पुष्कळ ट्रेलर घेतले गेले.

आपल्याकडं बघा, पुणे, हैदराबाद, विजापूर, तुळजापूर, अक्कलकोट सगळे रस्ते सोलापुरात येऊन मिळतात. वर सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, पंढरीची वारी, उसाच्या सीझनला रात्री रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या. अशी एक ट्रॉली इथं उभी राहू शकते का? कुणाच्या ताब्यात असावी? जाणकारांनी लिहावं, मी वैद्यकीय माणूस नाही.

पूर्वी_गाडीवर

बाळेकर दादा, मी पाच वर्षं अँब्युलन्सवर डॉक्टर होतो, आता गावी दवाखाना आहे. तुमचं वाक्य वाचून थांबलो थोडा वेळ, कारण "अजून कापड आहे का" मी पण विचारलेलं आहे.

आधी एक समजून घेऊ. राज्यात १०८ सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, त्यात २३३ मोठ्या म्हणजे ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. अँब्युलन्स कुठलीही घ्या, तिची रचना एका पेशंटची असते, फार तर दोन. ती कुणाची चूक नाही, जगभर तसंच आहे. तीस जखमी म्हणजे तीस गाड्यांचं सामान, आणि गाड्या येणार एकेक करून. मधला जो वेळ आहे त्यासाठी हा ट्रेलर.

पण ट्रेलर पहिल्या दहा मिनिटांत पोचत नसतो. तो येईपर्यंत पहिल्या डॉक्टरनं एकच काम करायचं असतं आणि ते मनाविरुद्धचं काम आहे, कुणावरही उपचार करत बसायचं नाही, फिरत राहायचं आणि प्रत्येकाला रंग द्यायचा: लाल म्हणजे आधी हलवायचा, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा किरकोळ, काळा म्हणजे गेलेला. स्टार्ट नावाची पद्धत आहे, १९८३ ला कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचच्या फायर डिपार्टमेंटनं आणि होग हॉस्पिटलनं मिळून बसवलेली. जोरात ओरडायचं, "चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली जा". जे गेले ते हिरवे. उरलेल्यांपैकी श्वास नाही त्याची मान मागं करून वाट मोकळी करायची, तरी श्वास नाही तर काळा. श्वास आला तर लाल. आधीपासून श्वास चालू आहे पण मिनिटाला तीसच्या वर, लाल. मनगटाची नाडी लागत नाही, लाल. "माझा हात दाबा" म्हटलं तर कळत नाही, लाल. बाकीचे पिवळे. एका माणसाला अर्धा मिनिट. मधे करायचं ते एवढंच, वाट मोकळी करणं आणि रक्ताची धार लागली असेल तर ती दाबणं किंवा बांधणं.

म्हणून माझं म्हणणं, ट्रॉलीच्या आधी प्रत्येक गाडीत हे रंग लावायचे शंभर टॅग आणि पाच-सहा टूर्निके असलेली एक छोटी पिशवी पाहिजे. ट्रॉली येईल तेव्हा कुणाला काय द्यायचं ते आधीच ठरलेलं असेल. नाहीतर काय होतं, जो सगळ्यात जास्त ओरडतो त्यालाच सगळं सामान लागतं आणि गप्प पडलेला माणूस जातो.

सायडिंग

मी रेल्वेतून रिटायर झालो. तुम्ही लोक अमेरिकेचं सांगताय ते आमच्याकडं फार वर्षांपासून आहे, बाहेर कुणाला माहीत नसतं इतकंच. अपघात मदत वैद्यकीय व्हॅन, आम्ही नुसतं 'मेडिकल व्हॅन' म्हणायचो. ठरलेल्या मोठ्या स्टेशनांवर सायडिंगला पूर्ण डबाच उभा असतो, आत ऑपरेशनचं टेबल, बर्थ, औषधं, स्ट्रेचर. जिथं डबा नाही अशा काही स्टेशनांवर तेच सामान पेट्यांत भरून एका खोलीत कुलूपबंद ठेवतात. डबा आणि पेट्या, दोन्ही प्रकार. बाळेकरांनी पेट्यांचा विचार करावा, चाकं नसली तरी काम होतं, कुठल्याही गाडीत टाकता येतात.

त्यात शिकण्यासारखं म्हणजे किल्ली आणि भोंगा. किल्ल्यांचा एक जोड डॉक्टरकडं आणि दुसरा स्टेशन मास्तरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत. साहेब गावाला गेले, किल्ली त्यांच्या खिशात, असं होऊच शकत नाही. काच फोडा आणि घ्या. आणि भोंगा ठराविक वेळा वाजला की आम्ही जेवणाच्या ताटावरून उठायचो. भोंग्यापासून व्हॅन निघेपर्यंतची मिनिटं मोजली जातात, उशीर झाला की लेखी उत्तर द्यावं लागतं. मधेच कधी ड्रिल लावतात, खरा अपघात का ड्रिल हे निघेपर्यंत कळत नाही.

सामान गोळा करणं सोपं हो. रात्री अडीचला कोण उठणार, ते आधी लिहा.

बाळेकर

काका, काचेच्या पेटीचं डोक्यात बसलं. हे मला कुठंच वाचायला मिळालं नव्हतं.

वॉर्डातली_अक्का

मी सिस्टर आहे, कॅज्युअल्टीचा स्टोअर सांभाळलाय. कल्पना चांगली आहे, पण माझा अनुभव थोडा कडू आहे म्हणून सांगते.

एका ठिकाणी (नाव घेत नाही) मोठ्या हौसेनं आपत्ती कपाट केलं होतं. दोन वर्षांनी उघडलं तर चिकटपट्टीचा डिंक वितळून रोल एकमेकांना चिकटलेले, ग्लोव्हज हातात घेतले की फाटत होते, सलाइनची तारीख गेलेली, लॅरिंगोस्कोपमध्ये (घशात बघायचं बॅटरीचं उपकरण) सेल तसेच ठेवल्यामुळं आत गंज. ज्यानं ते भरलं त्याची बदली होऊन वर्ष झालेलं. रडू आलं मला, एवढे पैसे.

सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, बेचाळीस-त्रेचाळीस बाहेर. पत्र्याच्या बंद ट्रॉलीत आत किती होत असेल? बहुतेक औषधांवर तीसच्या आत ठेवा असं छापलेलं असतं. म्हणून ट्रॉलीत फक्त न बिघडणारं ठेवा: बोर्ड, स्प्लिंट (मोडलेल्या हाडाला बांधायच्या पट्ट्या), ताडपत्री, टॅग, चादरी, गॉजचे गठ्ठे, लाइट. सलाइन, इंजेक्शनं, चिकटपट्टी, ग्लोव्हज हे सगळं हॉस्पिटलच्या चालू स्टोअरमध्येच दोन लाल बॅगांत वेगळं ठेवा आणि निघताना उचला. त्या बॅगांतलं सामान तारीख जवळ आली की वॉर्डात वापरून टाकायचं आणि नवीन बॅगेत. म्हणजे फेकायची वेळच येत नाही. आम्ही क्रॅश कार्टचं (वॉर्डातली इमर्जन्सी औषधांची गाडी) असंच करतो.

आणि सील. नंबर असलेलं प्लास्टिकचं सील लावा, बाहेर कागद: आत काय, किती, सगळ्यात आधी कुठल्या वस्तूची तारीख जाते. सील शाबूत आणि तारीख पुढची असेल तर उघडून मोजायची गरज नाही. महिन्याला पाच मिनिटांचं काम. पण ते पाच मिनिटांचं काम एका माणसाच्या नावावर लिहिलेलं पाहिजे, आणि त्याची बदली झाली की चार्जच्या कागदावर ते आलं पाहिजे. 'सगळ्यांनी लक्ष द्यावे' असं लिहिलं की संपलं.

वेल्डिंगवाला

ट्रॉलीचं मला विचारा, बाप-आज्यापास्नं तेच करालाव आमी. सगळे म्हणालेत ट्रॉली ट्रॉली, पण उभी ऱ्हायलेली ट्रॉली लई लवकर मरती बगा. टायर एका जागी बसून चपटं होतंय, उन्हानं चिरा पडत्यात, बेअरिंगचं ग्रीस वाळतंय. सीझन संपला की ऊसवाले ट्रॉली जॅकवर घ्येत्यात ते उगंच नाही. ही पण जॅकवर घ्या, टायर जमिनीपास्नं उचला, शेडमधी ठेवा, महिन्यातनं एकदा गावाला चक्कर मारून आणा. ऊसाच्या ट्रॉलीचा सांगाडा घेऊ नका, ती वीस-पंचवीसच्या स्पीडची चीज हाय, हायवेला पिकअपमागं साठनं पळवली तर नाचती. सिंगल एक्सल, पाटा स्प्रिंग, स्वतःचा ब्रेक, मागं रिफ्लेक्टर आणि लाइट चालूच पायजे, नायतर अपघाताला चाललेली ट्रॉलीच अपघात करंल. आणि आरटीओचं पासिंग आधी विचारून घ्या, मग लोखंड कापा.

दुसरं. मागच्याच दाराला सगळं लावू नका. ट्रॉली रस्त्यावर उभी केली, मागं गर्दी झाली, तर आतल्या माणसाला भायेर येता येत नाही. दोन्ही बाजूनं वर उघडणारी झडप करा, ती वर गेली की सावली पण होती. आत मेडिकलवाल्यासारखं कप्पे, कप्प्यावर चित्र काढा, अंधारात वाचायला येत नसतंय.

चादरवाला_साखर_पेठ

अक्कांनी चादरी लिहिलं म्हणून बोलतो, आमचा माग आहे.

मुंबईत ११ जुलै २००६ ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा रुळाकडेच्या वस्तीतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली आणि त्यातून जखमी उचलले, फोटो आपण सगळ्यांनी बघितलेत. तेव्हापासून डोक्यात आहे. सोलापुरी चादर घट्ट विणीची, धुतली तरी फाटत नाही. तिच्या दोन्ही कडांना तीन-तीन ठिकाणी नवारीची पट्टी आडवी चादरीखालून काढून शिवली, म्हणजे वजन शिवणीवर न येता पट्टीवर येतं, तर सहा जण धरतील असा उचलायचा झोळणा तयार होतो. मी दोन करून बघितले, ऐंशी किलोचा माणूस घालून जिना उतरवला, काही झालं नाही. घडी केली की पिशवीत मावतो. एका स्पाइन बोर्डच्या जागेत असे किती बसतील बघा.

पाठीच्या कण्याचा मार असेल तर चालेल का ते डॉक्टरांनी सांगावं.

पूर्वी_गाडीवर

कण्याचा संशय असेल तर बोर्डच. पण तीसांत तसे थोडे असतात. बाकीच्यांना रस्त्यावरून ताडपत्रीपर्यंत आणायला तुमचा झोळणा उत्तम आहे आणि धुऊन परत वापरता येतो. मला दोन पाहिजेत, विकत.

चंद्रभागेकाठी

पंढरपूरहून. आषाढीला लाखो माणूस असतं, महाद्वार चौकातून पायी निघायला एरवीच्या कितीतरी पट वेळ लागतो, तिथं ट्रॉली ओढून आणणार कशी? वारीत म्हणूनच दुचाकी अँब्युलन्स फिरतात. गर्दीच्या ठिकाणी सामान आधी जाऊन बसलेलं पाहिजे, घटना झाल्यावर निघालेलं उपयोगाचं नाही.

बोस्टनच्या मॅरेथॉनचं बघा, १५ एप्रिल २०१३. फिनिश लाइनजवळ दोन स्फोट, अडीचशेच्या वर जखमी, कित्येकांचे पाय गेले, पण जागेवर तिघे गेले ते सोडता जे हॉस्पिटलात पोचले ते सगळे वाचले. कारण धावपटूंसाठी मोठा मेडिकल तंबू, डॉक्टर, व्हीलचेअर सगळं फिनिश लाइनपाशी आधीच होतं. ते थकव्यासाठी आणि पेटक्यांसाठी मांडलेलं होतं, कामाला आलं दुसऱ्याच. तरी टूर्निके पुरले नाहीत, लोकांनी पट्टे आणि कपडे वापरून पाय बांधले.

आपल्याकडं गड्ड्याला होम मैदानावर, दारूकामाच्या संध्याकाळी ट्रॉली दुपारीच आणून उभी करावी. बाहेर जायची वाट मोकळी ठेवून. आणि पोलिसांना माहीत पाहिजे ती कुठं आहे.

अजून एक. चेंगराचेंगरीत रक्त कमी असतं. २००५ ला मांढरदेवीला झालं तेव्हा कितीतरी माणसं गुदमरून गेली. तिथं पट्ट्यांचे गठ्ठे पडून राहणार.

पूर्वी_गाडीवर

बरोबर मुद्दा, आणि म्हणूनच सामान घटनेप्रमाणे वेगळ्या रंगाच्या बॅगांत पाहिजे. बस उलटली तर स्प्लिंट, कॉलर, पट्ट्या. चेंगराचेंगरीत अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी), मास्क, ऑक्सिजन, आणि छातीवर दाब देऊ शकणारे हात. आगीत भरपूर स्वच्छ पाणी, कोरड्या स्वच्छ चादरी, सलाइन, आणि धूर छातीत गेलेल्यांना ऑक्सिजन. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जीव गेले, आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. यंत्रमागाच्या गावात आगीची बॅग नसून चालणार नाही.

ऑक्सिजनचा हिशोब लोक करत नाहीत. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर. एका माणसाला मिनिटाला दहा लिटर दिले तर साडेअकरा-पावणेबारा तास. पण त्यालाच मॅनिफोल्ड (एका सिलिंडरला अनेक नळ्या जोडायचा सांधा) लावून दहा जणांना नळ्या दिल्या तर सत्तर मिनिटांत रिकामा. म्हणजे दोन जम्बो ठेवले तर दहा जणांना सव्वादोन-अडीच तास, तोपर्यंत सगळे हलवले गेले पाहिजेत. सिलिंडर उभे, साखळीनं बांधलेले, आणि मॅनिफोल्डचा पाना त्याच साखळीला. पाना नाही म्हणून सिलिंडर उघडला नाही, हे मी पाहिलंय.

जुना_विद्यार्थी_९३

मी तेव्हा कॉलेजला होतो. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र, आम्ही पोरं नुकती घरी येऊन पडलो होतो, चारला चार-पाच मिनिटं कमी असताना सगळी इमारत हलली. सकाळी कळलं, किल्लारीला भूकंप. दुपारपर्यंत ट्रकमधून, जीपमधून जखमी हॉस्पिटलात यायला लागले. मातीच्या घरांचे दगड अंगावर पडलेले, जखमांत माती, तोंडात माती. ज्यांना चालता येत होतं ते आधी पोचले, हे मला तेव्हा विचित्र वाटलं होतं. खरे वाईट पेशंट नंतर, संध्याकाळी. तोवर प्लास्टरच्या पट्ट्या कमी पडायला लागल्या होत्या, आम्ही पोरं सायकलवर एकेका मेडिकल दुकानातून गोळा करून आणत होतो, कुणी पैसे घेतले नाहीत.

डॉक्टरांनी हिरव्यांना वेगळं बसवा लिहिलंय ना, त्याचं महत्त्व मला आज कळलं. हिरव्यांना एका बसमध्ये बसवून लांबच्या दवाखान्यात पाठवलं तर जवळच्या दवाखान्यात लालसाठी जागा राहते. ट्रॉलीतल्या यादीत 'रिकामी एसटी' पण लिहा.

नवी_वेस

हे सगळं सरकारचं काम नाही का? आपण वर्गणी काढून ट्रॉली करायची आणि उद्या काही बिघडलं तर जबाबदार कोण?

बाळेकर

ताई, प्रश्न रास्त आहे. सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. केंद्रानं 'भीष्म' नावाचे घनाकार संच केलेत, एका संचात ७२ छोटे डबे, दोनशे जखमींपर्यंत उपचार होतील असं सामान, टॅबलेटवर कुठल्या डब्यात काय ते दिसतं. २०२४ ला आग्र्यात विमानातून पॅराशूटनं टाकून बघितला, युक्रेनलाही चार दिले. म्हणजे आपल्या लोकांना हे करता येतं. पण तो येणार लांबून. मला पाहिजे ते पहिल्या तासातलं, बाळे गावाच्या किंवा टोल नाक्याच्या अंतरावरचं.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आहे, अध्यक्ष जिल्हाधिकारी. अर्ज तिकडंच द्यायचा. ट्रॉली त्यांची, ताबा त्यांनी ठरवावा, आपण वेल्डिंग, चादरी, आणि ड्रिलला माणसं द्यायची. आपली स्वतःची ट्रॉली घेऊन अपघातात घुसायचं नाही, हे माझ्याही मनात पक्कं आहे. एकट्यादुकट्यानं जखमीला मदत करण्याबद्दल मात्र घाबरायचं कारण नाही, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत १३४-अ कलम आलंय, चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव सांगायची सक्ती नाही.

नवी_वेस

ठीक. अर्जाचा मसुदा मी टाइप करून देते, ऑफिसात तेच काम करते. पण अर्जात 'ट्रॉली द्या' एवढंच लिहू नका. कुठं उभी राहणार, किल्ल्या कुणाकडं, ओढणारी गाडी कुठली, दर महिन्याला सील कोण बघणार, ही चार नावं रिकामी ठेवून तक्ता जोडू. रिकामा तक्ता समोर गेला की भरावा लागतो.

सायडिंग

पाचवा रकाना घाला. रात्री फोन कुणाला.

वॉर्डातली_अक्का

मी बॅगांची यादी करते, तीन रंगांच्या तीन. ट्रॉलीची वाट न बघता लाल बॅग तर आत्ताच होईल. चादरवाले दादा, सहा झोळणे लागतील, एक आधी पाठवा, ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) नवार आखडते का बघते.

चादरवाला_साखर_पेठ

उद्या संध्याकाळी देतो अक्का. नवार आधी पाण्यातून काढून शिवतो, म्हणजे आखडायचं ते आधीच आखडेल.

वेल्डिंगवाला

रविवारी सकाळी शेडवर या सगळे. एक जुनी सिंगल एक्सल पडलीय, टायर गेलेत पण सांगाडा चांगला हाय. डॉक्टर, तुमचा बोर्ड घेऊन या, किती लांब असतोय ते मापल्याशिवाय कप्पा कापणार नाही मी.

पूर्वी_गाडीवर

सहा फुटाच्या थोडा वर असतो. घेऊन येतो. जम्बो सिलिंडर पण आणतो, रिकामा.